चेहऱ्याचं माप कोणाचं? दात काढण्याच्या एका जुन्या वादाची गोष्ट



विषयाची पाटी वाचून काहीजण हसले, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेला माणूस दातांवर काय बोलणार? त्यातून आमचे स्वतःचे दात आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. (हशा) पण दीड वर्षापूर्वी आमच्या घरात एक छोटं महाभारत घडलं, आणि त्याच्या मुळाशी जो प्रश्न निघाला तो आमच्याच विषयाचा निघाला. म्हणून हे धाडस करतो आहोत.

आमची नात तेव्हा तेरा वर्षांची. वरचे दोन्ही सुळे हिरडीत उंच चढलेले, खालचे पुढचे दात एकमेकांवर रेललेले. तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, जागा कमी आहे, चार दात काढावे लागतील आणि मग तारा. आता हे चार दात किडलेले नव्हेत हं. सुळ्याच्या लगेच मागं जी छोटी दाढ असते, जिला उपदाढ म्हणतात, त्या वरच्या दोन आणि खालच्या दोन. चांगल्या, निरोगी.

सूनबाईंनी त्या रात्री फोनवर शोधाशोध केली. तिथं एकामागून एक माणसं सांगत होती की असे दात काढले की चेहरा आत बसतो, गाल खोल जातात, ओठ पातळ होतात, माणूस अकाली म्हातारा दिसू लागतो. मुलाचं म्हणणं, डॉक्टर शिकलेले आहेत, त्यांचं ऐका. दोघांचं जुंपलं. मग प्रकरण आमच्यापुढं आलं, कारण घरात ‘डॉक्टर’ आम्हीच. आम्ही म्हणालो, बघू या. नात एका कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “आजोबा, माझा चेहरा आत्ता चुकीचा आहे, की दात काढल्यावर चुकीचा होणार आहे?”

पस्तीस वर्षं आम्ही नीतिशास्त्र शिकवलं, पण या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं. चुकीचा चेहरा म्हणजे काय? बरोबर चेहरा कोणी ठरवला? या प्रश्नांमागं लागून आम्ही जे वाचलं, ज्यांना भेटलो, त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

आधी साधं गणित समजून घेऊ. एक उपदाढ साधारण ७ मिलिमीटर रुंद असते. एका जबड्यातून दोन काढल्या की १४ मिलिमीटर जागा मोकळी होते. या जागेचं काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. ती तीन प्रकारे खर्च होऊ शकते. दातांची गर्दी असेल तर वेडेवाकडे दात रांगेत बसवण्यात जाते. गर्दी नसेल आणि पुढचे दात बाहेर आलेले असतील, तर ते मागं घेण्यात जाते. आणि काही जागा मागच्या दाढा पुढं सरकल्यानं भरते. या तिन्हींपैकी फक्त दुसऱ्या खर्चाचा ओठांशी थेट संबंध आहे. पुढचे दात मागं गेले की ओठ त्यांच्यामागून काही अंशी जातो. जितके दात गेले तितका ओठ जात नाही, त्याहून कमी जातो, आणि ओठ जाड असेल तर आणखी कमी. म्हणजे ‘चार दात काढले’ एवढ्या वाक्यावरून चेहऱ्याचं काय होणार हे कळत नाही. घर विकून आलेल्या पैशाचं काय केलं, हे कळल्याशिवाय माणूस सुखी झाला की बुडाला हे कसं सांगणार? तसंच हे.

इतकं साधं गणित असताना शंभर वर्षं वाद का चालला? इथून इतिहास सुरू होतो.

अमेरिकेत एडवर्ड हार्टली अँगल नावाचे दंतवैद्य होऊन गेले. जन्म १८५५, मृत्यू १९३०. तारा लावण्याच्या शास्त्राचे ते जनकच मानले जातात. वरखालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात त्यावरून चाव्यातल्या दोषांचे तीन वर्ग त्यांनी १८९९ मध्ये पाडले. आज नगरच्या किंवा लोणीच्या दंत महाविद्यालयातला विद्यार्थीसुद्धा ‘क्लास वन, क्लास टू, क्लास थ्री’ म्हणतो, ते अँगल यांचंच देणं. सुरुवातीला ते स्वतः दात काढत असत. पुढं त्यांचं मत ठाम झालं की निर्मात्यानं माणसाला बत्तीस दात दिले आहेत, ते सगळेच्या सगळे योग्य जागी बसवले की चेहरा आपोआप जसा असायला हवा तसा होतो. दात काढणं म्हणजे त्या योजनेत ढवळाढवळ.

पण चेहरा कसा असायला हवा? अँगल यांच्यापुढं ग्रीक देव अपोलोचा प्रसिद्ध संगमरवरी पुतळा होता. त्या पुतळ्याची बाजूनं दिसणारी रेषा म्हणजे आदर्श. सेंट लुईसमधल्या कलाशाळेतले चित्रकार एडमंड वुर्पेल यांच्याशी त्यांनी याविषयी चर्चा केली. वुर्पेल यांनी त्यांना समजावलं की माणसांचे चेहरे इतके परीनं वेगळे आहेत की सर्वांना लागू पडेल असा एक साचा सापडणार नाही. म्हणजे चित्रकारानं वैद्याला मोकळं केलं होतं. अँगल यांनी त्यातून जो अर्थ काढला तो मात्र गमतीचा आहे. चेहऱ्याचा साचा नाही ना? मग दातांचा साचा धरू. बत्तीस दात नीट बसलेली एक कवटी त्यांनी नमुना म्हणून पुस्तकात छापली. तिला ‘ओल्ड ग्लोरी’ असं नाव होतं. एका मृत माणसाची कवटी, आणि ती पुढच्या असंख्य जिवंत माणसांची मोजपट्टी!

त्यांच्या विरोधात शिकागोचे कॅल्व्हिन केस उभे राहिले. केस रुग्णांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे साचे घेत असत. त्यांचं म्हणणं असं की, दात एका आकाराचे आणि जबडा दुसऱ्याच आकाराचा, हे आनुवंशिकतेनं घडू शकतं. तेव्हा आधी चेहरा बघा, मग दातांचं ठरवा. थोड्याच रुग्णांत, पण काहींत तरी, दात काढल्याशिवाय चेहरा चांगला होणार नाही. १९११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय दंत संघटनेपुढं हा वाद रंगला. केस एका बाजूला, अँगल यांच्या पक्षातर्फे मार्टिन ड्यूई दुसऱ्या बाजूला. एक लक्षात घ्या, दोन्ही पक्ष चेहऱ्याच्याच नावानं बोलत होते. एक म्हणतो दात नीट केले की चेहरा मागून येतो, दुसरा म्हणतो चेहऱ्यापासून सुरू करा.

त्या काळी अँगल यांचा पक्ष जिंकला. त्यांची शाळा होती, शिष्य होते, शिस्त कडक होती. पण म्हणतात ना, गुरूची विद्या गुरूला! चार्ल्स ट्वीड हे अँगल यांच्या अखेरच्या वर्षांतले निष्ठावान शिष्य. ॲरिझोनात त्यांनी गुरूच्या पद्धतीनं, एकही दात न काढता, उपचार केले. काही वर्षांनी आपलेच रुग्ण त्यांनी पुन्हा तपासले. अनेकांचे दात पुन्हा वाकडे झालेले, आणि अनेकांची तोंडं पुढं आलेली, ओठ मिटताना ताण पडतो आहे. कारण लहान जबड्यात सगळे दात कोंबले की ते बाहेरच जाणार, दुसरीकडं जागा कुठली? ट्वीड यांनी पुढं जे केलं ते आम्हाला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर वाटतं. त्यांनी अशा रुग्णांना परत बोलावलं, चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले, पैसे घेतले नाहीत, आणि १९४० मध्ये अशा शंभर रुग्णांचे आधीचे-नंतरचे पुरावे व्यवसायबंधूंपुढं मांडले. आपली चूक चारचौघांत मांडायची, तीही गुरूच्या विरोधात जाऊन. विद्यापीठात आम्ही पुष्कळ विद्वान पाहिले, हे धैर्य फार थोड्यांत पाहिलं.

अँगल यांचेच दुसरे शिष्य रेमंड बेग ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला परतले. तिथल्या आदिवासींच्या जुन्या कवट्या त्यांनी पाहिल्या. भरड, कचकचीत अन्न खाल्ल्यानं त्यांचे दात वरून झिजतच, पण बाजूंनीही झिजत. एकेक दात थोडा थोडा अरुंद होत गेला की सगळी रांग आखूड होते आणि गर्दी होत नाही. १९५४ च्या लेखात बेग यांनी मांडलं की आपलं अन्न मऊ झालं, झीज थांबली, म्हणून गर्दी होते. निसर्ग जे झिजवून करत होता ते आता दात काढून करायचं. बेग यांची पद्धत आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत पुष्कळ वर्षं शिकवली गेली. या सभागृहात ज्यांनी लहानपणी चार दात काढून तारा लावल्या असतील, त्यांच्या तोंडात ॲडलेडचा थोडा इतिहास आहे असं समजा.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या दवाखान्यानं चाळीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. १९५३ मध्ये ३० टक्के रुग्णांचे दात काढले जात होते, १९६८ मध्ये ७६ टक्के, आणि १९९३ मध्ये २८ टक्के. आता सांगा, चाळीस वर्षांत माणसाचे जबडे फुगून पुन्हा आकसले का? जबडे होते तेच होते, बदललं वैद्यांचं मत. आणि १९८७ मध्ये मिशिगनमध्ये न्यायालयानंही त्यात हात घातला. वरच्या उपदाढा काढून केलेल्या उपचारानं जबड्याचा सांधा दुखावला, या तक्रारीवर ज्यूरीनं एका तरुणीला लाखो डॉलरची भरपाई दिली. पुढच्या संशोधनात दात काढण्याचा आणि सांध्याच्या दुखण्याचा असा संबंध सिद्ध झाला नाही. पण निकालाची धास्ती राहिली. सूनबाईंनी फोनवर जे ऐकलं, त्याची मुळं या लंबकाच्या परतीच्या फेरीत आहेत.

आता थोडं आपल्या गावाकडं येऊ, कारण बेग यांच्या युक्तिवादाची परीक्षा करायला आपल्याला ऑस्ट्रेलियात जायला नको. आपल्या तालुक्याचं गाव नेवासा. ज्ञानेश्वरीमुळं, पैसाच्या खांबामुळं आपण त्याला ओळखतो. पण १९५४ ते १९५६ या काळात, आणि पुन्हा १९५९ पासून, पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली तिथं उत्खनन केलं, तेव्हा प्रवरेच्या काठी ताम्रपाषाण युगातल्या, सुमारे तीन हजार वर्षांमागच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून ठेवलेले, आणि आत लहान मुलांचे अवशेष. याच संस्कृतीचं मोठं गाव म्हणजे घोड नदीवरचं इनामगाव. तिथल्या सांगाड्यांचा, दातांसकट, जॉन लुकाच आणि सु. रा. वाळिंबे यांनी केलेला तपशीलवार अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. दाताची झीज, कीड, वाढीच्या वयातल्या आजारानं किंवा उपासमारीनं दातावर उमटलेले चरे, हे सगळं त्यात वाचायला मिळतं.

या हाडांपुढं बसलं की बेग यांच्या म्हणण्याचा एक भाग पटतो. दगडावर दळलेलं धान्य, त्यातली कच, याची झीज दातावर पडतेच. पण दुसरा भाग पटत नाही. त्याच हाडांवर उपासमारीच्या खुणा आहेत, आणि रांजणांत पुरलेली मुलं आहेत. जुन्या माणसाचं जे होतं ते सगळं निसर्गाची इच्छा मानायची, तर मुलांचे मृत्यूही मानावे लागतील. ते आपण मानत नाही. मग झिजलेल्या दातांनाच तेवढा आदर्शाचा मान का द्यायचा? ‘असं होतं’ यातून ‘असं असावं’ हे निघत नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १८ व्या शतकात हीच फट दाखवली होती. अँगल यांनी निर्मात्याच्या नावानं ती उडी मारली, बेग यांनी अश्मयुगाच्या नावानं. उड्या दोन, खड्डा एकच.

नेवाशाच्या या उत्खननाशी जोडलेली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्याचा अहवाल १९६० मध्ये ग्रंथरूपानं आला. सांकळिया, शां. भा. देव, झैनुद्दीन अन्सारी, आणि चौथं नाव सोफी एरहार्ट. या जर्मन मानवशास्त्रज्ञ बाईंकडं सांगाड्यांचं काम होतं. याच बाई नाझी राजवटीत बर्लिनच्या त्या संशोधन केंद्रात काम करत होत्या, जिथं सिंती आणि रोमा लोकांची डोकी, चेहरे, कुळं मोजून-नोंदवून त्यांचं वर्गीकरण केलं जात होतं. त्या वर्गीकरणाच्या आधारे हजारो माणसं आउश्वित्झला पाठवली गेली. नेवाशाच्या हाडांवर त्यांनी काही अन्याय केला असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की चेहऱ्याला लावलेली मोजपट्टी तालुक्याच्या गावापर्यंत पोचते तेव्हा ती कुठून कुठून फिरून आलेली असते, हे ठाऊक असावं.

आणि त्याच बर्लिनची दुसरी बाजूही आहे, ती आपल्या मराठी माणसाची. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथं ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि हा फरक युरोपीय माणसात विशेष आहे, त्याचा संबंध बुद्धीशी आहे, अशा कल्पनेला पुरावा हवा होता. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या, आणि निष्कर्ष काढला की असमानता सगळ्यांतच आहे, तिचा वंशाशी असा संबंध नाही. गुरूच्या दारात बसून गुरूला नको असलेलं उत्तर दिलं! १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रबंधाचं शीर्षकच मुळी मानवी कवटीची ‘नॉर्मल’ असमानता असं आहे. शब्द नीट ऐका. असमानता हाच नियम. चेहऱ्याची डावी-उजवी बाजू जुळत नाही म्हणून आरशापुढं रडणाऱ्या प्रत्येक मुलीला हे शीर्षक सांगायला हवं. ‘युगान्त’ वाचणाऱ्या आपल्या वाचकांना त्यांचं हे काम फारसं ठाऊक नसतं.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. मग चेहऱ्याचं माप आलं कुठून?

क्ष-किरणानं डोक्याचा बाजूनं, ठरावीक अंतरावरून फोटो घ्यायची पद्धत १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट यांनी आणि जर्मनीत हॉफराथ यांनी स्वतंत्रपणे मांडली. त्यावर रेषा ओढायच्या, कोन मोजायचे. १९४८ मध्ये डाउन्स यांनी उत्तम चावा असलेल्या अवघ्या वीस गोऱ्या मुलामुलींची मापं घेऊन एक प्रमाण दिलं. ट्वीड यांनी खालच्या पुढच्या दातांचा जबड्याच्या कडेशी ९० अंशांचा कोन हवा असं धरलं. ही मापं पुस्तकांतून जगभर गेली, आपल्याकडं आली. भारतीय ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ ची. १९६९ मध्ये उत्तर भारतीयांची मापं घेतलेला नंदा आणि नंदा यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, पुढं आणखी प्रांतांतले आले. अशा अनेक अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली की आपल्या लोकांचे पुढचे दात आणि ओठ त्या गोऱ्या मापापेक्षा थोडे पुढं असतात. मग विचार करा, परक्या मोजपट्टीवर मोजून किती जणांना ‘तुमचं तोंड पुढं आहे’ असं सांगितलं गेलं असेल?

आपल्याकडं याचा विचार झाला नव्हता असं नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीच्या मापांचा अध्याय आहे. चेहरा बारा अंगुळं. कपाळ चार, नाक चार, हनुवटीचा भाग चार. म्हणजे चेहऱ्याचे तीन सारखे भाग. आजचे डॉक्टर चेहरा तपासताना असेच तीन भाग पाडतात. पण वराहमिहिर लगेच हेही नोंदवतो की नग्नजिताच्या मते चेहऱ्याची लांबी चौदा अंगुळं, आणि ते द्राविड माप. शिवाय मूर्ती ज्या त्या देशाला अनुरूप घडवावी असंही सांगतो. दीड हजार वर्षांपूर्वी या ज्योतिषाला कळलं होतं की एक माप सगळ्यांना पुरत नाही. आणि लक्षात घ्या, ही मापं मूर्तिकारासाठी होती. दगड घडवताना कुठून तरी सुरुवात करावी लागते. जिवंत माणसाला त्या मापात बसवा असं त्यानं कुठं म्हटलेलं नाही.

इथं, या गावात, हे बोलताना आम्हाला थोडा संकोच वाटतो. कारण तिकडं चौथऱ्यावर जी साडेपाच फुटांची काळी शिळा उभी आहे, तिला नाक नाही, ओठ नाहीत, कपाळ-हनुवटीचे भाग नाहीत. वराहमिहिराचं एकही माप तिला लागत नाही. लांबून लांबून लोक येतात, तेल वाहतात, आणि देवाचा चेहरा प्रमाणात नाही अशी तक्रार घेऊन कोणी परत गेल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. असो.

मग मापं टाकून द्यायची का? तसं आम्ही म्हणत नाही. क्ष-किरण, साचे, कोन यांच्याशिवाय डॉक्टर आंधळा होईल. सरासरी ही तुलनेला उपयोगी असते. अडचण सरासरीला आदर्श समजण्यात आहे. १८३५ मध्ये केतले या बेल्जियन गणितज्ञानं ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली, आणि त्याच्यापासून ढळणं म्हणजे जणू निसर्गाच्या नेमातली चूक असं मानलं. तेव्हापासून हा घोटाळा आपल्या डोक्यात बसला आहे.

आता पुराव्याकडं येऊ, कारण सूनबाईंना तत्त्वज्ञान नको होतं, उत्तर हवं होतं. १९९२ मध्ये पॅकेट, बीटी आणि जॉन्स्टन यांचा एक अभ्यास आला. दात काढावेत की नाही याबद्दल जिथं डॉक्टरांचंच दुमत होईल असे सीमेवरचे रुग्ण त्यांनी निवडले, आणि उपचारानंतर सरासरी साडेचौदा वर्षांनी त्यांना पुन्हा तपासलं. दात काढलेल्यांच्या चेहऱ्याचा पुढचा भाग दुसऱ्या गटापेक्षा साधारण २ मिलिमीटर मागं होता. फरक होता, पण ज्यांचे चेहरे होते त्यांना स्वतःच्या दिसण्याबद्दल काय वाटतं यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हसू अरुंद होतं, गालाजवळ काळी पोकळी दिसते, हीही भीती असते. १९९५ मध्ये जॉन्सन आणि स्मिथ यांनी हसण्याचं रूप तपासलं, त्यात दात काढलेल्यांचं हसू कमी प्रतीचं ठरलं नाही. चेहऱ्याची उंची घटते याला तर भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. आणि वय वाढतं तसं सगळ्यांचंच नाक आणि हनुवटी पुढं येते, ओठ सपाट होतात. हे तर आम्ही रोज दाढी करताना आरशात पाहतो. आमचे उपदाढे कोणी लहानपणी काढले नव्हते, तरी गाल बसलेच.

पण याचा अर्थ भीती निराधार आहे असा नाही. ज्याचे ओठ आधीच सपाट आहेत, नाक-हनुवटी ठळक आहेत, दातांची गर्दी फारशी नाही, त्याचे चार दात काढून पुढचे दात मागं ओढले, तर चेहरा खरंच बशीसारखा आत गेलेला दिसू शकतो. असं झालेलं आहे. ट्वीड यांच्यानंतरच्या उत्साहात पुष्कळ झालं असावं, म्हणून तर लंबक फिरला. आणि उलटही खरं आहे. लहान जबडा, प्रचंड गर्दी, ओठ आधीच मिटत नाहीत, अशा मुलाचा एकही दात न काढता सगळे बसवले, तर तोंड आणखी पुढं येतं. ‘दात काढू नका’ हाही एक उपचार आहे, आणि त्याचाही चेहऱ्यावर परिणाम होतो, हे त्या फोनवरच्या मंडळींनी सांगितलं नव्हतं.

शंभर वर्षांच्या या इतिहासातून आम्हाला एक गोष्ट समजली. ज्या ज्या वेळी दात काढायचे की नाही हे तत्त्वानं, सगळ्यांसाठी एकदम ठरवलं गेलं, त्या त्या वेळी कोणाचा तरी चेहरा त्या तत्त्वाला बळी पडला. तत्त्वज्ञानाच्या माणसानं हे सांगावं, यात थोडी गंमत आहे खरी.

(श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली. तिच्यात विचारलं होतं की, “सर, मग आम्ही पालकांनी करायचं काय?”)

चांगला प्रश्न आहे. काढलेला दात परत लावता येत नाही, म्हणून घाई करू नका. डॉक्टरांना चार गोष्टी विचारा, नम्रपणे विचारा. गर्दी किती मिलिमीटर आहे? दात काढल्यावर मोकळी होणारी जागा कशी कशी खर्च होणार आहे? पुढचे दात मागं जाणार असतील तर किती? आणि न काढता केलं तर चेहऱ्याचं काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, साचे आणि क्ष-किरण पुढं ठेवून समजावतो. तरी शंका राहिली तर दुसऱ्याला दाखवा. त्यात पहिल्याचा अपमान नाही. आणि एक, मुलीला लग्नात अडचण नको म्हणून कोणी उपचार करत असेल तर आधी ते वाक्य मुलीसमोर उच्चारणं थांबवा. दातापेक्षा ते वाक्य खोल रुततं.

आमच्या नातीचं काय झालं, ते राहिलं. दुसऱ्या डॉक्टरांनी साचे पुढं ठेवले. गर्दी बरीच होती, ओठ भरलेले होते. त्यांनी पट्टी लावून दाखवलं की जवळजवळ सगळी जागा सुळे खाली आणण्यात आणि रांग लावण्यात जाईल, पुढचे दात मागं सरकायला जागा उरणार नाही म्हटलं तरी चालेल. तिला विचारलं. ती म्हणाली, सुळ्यामुळं ओठ आतून सोलवटतो, तो थांबला पाहिजे. चेहऱ्याबद्दल ती काही बोललीच नाही. चार उपदाढा काढल्या. तारा अजून आहेत, सुळे रांगेत आले आहेत. चेहरा आम्हाला तरी तोच दिसतो, पण आजोबांचा डोळा ही काही मोजपट्टी नव्हे, आणि एका मुलीवरून सिद्धही काही होत नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही तिला सहा महिन्यांनी दिलं. म्हणालो, “तुझा चेहरा तेव्हाही चुकीचा नव्हता. दातांना जागा नव्हती, एवढंच.” ती म्हणाली, “आजोबा, एवढं सांगायला सहा महिने लागले?”